गाडी मोडली होती म्हणे

परवा एका मित्राने विचारलं, "काय रे, तुझ्या त्या गाडीचं काय झालं?" मी म्हटलं, "एकीच्या दोन झाल्या." त्याला वाटलं मी नवीन घेतली. त्याला समजावून सांगताना अर्धा तास गेला, तेव्हा ठरवलं की हे एकदा लिहूनच टाकावं.

गाडी तात्यांची, म्हणजे माझ्या वडिलांची. महिंद्राची एफसी-१५०, १९६९ सालची. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो : जीपचं नाक कापून टाकायचं आणि मागे हौदा जोडायचा. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकावरच बसतो आणि इंजिन दोन सीटांच्या मधे, पत्र्याच्या डब्याखाली असतं. मूळ गाडी अमेरिकेतल्या विलीजची. तिथे ती १९५६ च्या अखेरीस आली आणि १९६५ मध्ये बंद झाली. महिंद्रा १९४७ पासून विलीजच्या जीपा इथे जोडत होतीच, पुढे ही सपाट तोंडाची पिकअपही इथे बनू लागली. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर फक्त ८१ इंच. रिकामी असली की सगळं वजन तोंडावर. तात्या म्हणायचे, "हिला भरल्याशिवाय शहाणपण येत नाही."

तात्यांनी ती १९७५ साली एका लिलावातून घेतली. दिंडोरी तालुक्यात आमचा द्राक्षाचा मळा. तेव्हा फळांचा घाऊक बाजार मुंबईत क्रॉफर्ड मार्केटला होता. संध्याकाळी पेट्या भरायच्या, रात्री कसारा घाट उतरायचा आणि पहाटे मुंबई. इंजिनाचा डबा इतका तापायचा की त्यावर भाकरीचं फडकं ठेवलं तर इगतपुरीपर्यंत भाकरी तव्यावरून काढल्यासारखी. उन्हाळ्यात मात्र त्याच डब्याने मांडी भाजून निघायची. मी पाच-सहा वर्षांचा असताना मधे पोतं टाकून त्या डब्यावरच बसायचो. गाडी म्हटलं की मला अजूनही तो ताप आणि पेट्रोलचा वास आठवतो.

२०१६ साली तात्या गेले. गाडी त्याआधीच बारा-तेरा वर्षं शेडमध्ये उभी होती. वर्षश्राद्ध झालं आणि मी ठरवलं की ही परत चालती करायची. मी राहतो नाशिकला, शनिवार-रविवार मळ्यावर. बायको म्हणाली, "आधी तिच्या खाली जाऊन बघ तरी." गेलो. केबिनचा पत्रा ठीक होता. दोन ठिकाणी भोकं आणि बाकी वरवरचा गंज. पण चासी (आमच्याकडे गॅरेजात चॅसिसला असंच म्हणतात) मागच्या अर्ध्या भागात पापडासारखी झाली होती. स्क्रू-ड्रायव्हर टोचला तर आत गेला.

कारण कळायला वेळ लागला नाही. द्राक्षवाल्यांना बोर्डो मिश्रण माहीत आहे : शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. मिश्रण जमलं का हे बघायला आम्ही त्यात लखलखीत विळा बुडवतो. पात्यावर तांबूस थर धरला तर चुना कमी पडला असं समजायचं, कारण मोरचुदातलं तांबं लोखंडावर बसतं आणि लोखंड विरघळतं. तीस वर्षं त्याच हौद्यातून मोरचुदाची पोती आली. फाटकी पोती, सांडलेली पूड, वर पावसाचं पाणी. विळ्याला पाच मिनिटांत जे होतं ते चासीला तीस वर्षं होत होतं.

वेल्डिंगवाले चाचा आले. त्यांनी हातोडीने ठकठक करून बघितलं आणि म्हणाले, "भाऊ, याला पट्टी मारायची तर पट्टी धरायला तरी लोखंड पाहिजे ना."

मग दुसरी चासी शोधायची. आमच्या एका पाहुण्यांची २००४ सालची बोलेरो वादळात झाडाखाली सापडली होती. टप आणि दरवाजे चेपले होते, पण खालचा सांगाडा सूतभरही वाकला नव्हता. पुढे डिस्क ब्रेक, पॉवर स्टिअरिंग, अडीच लिटरचं डिझेल इंजिन. शिवाय बोलेरो बनते नाशिकलाच. म्हणजे जुनी चासी मुंबईकर आणि नवी आपली गाववाली! मनाला समजवायला अजून एक गोष्ट होती. २०१० साली कंपनीनेच थार काढली, तेव्हा तोंड जुन्या जीपचं ठेवलं आणि खालचं सगळं नव्या काळाचं. म्हटलं, कंपनीला चालतं तर मला का नाही?

वाचायला सोपं वाटेल : जुनी केबिन उचलायची, नव्या चासीवर ठेवायची, बोल्ट आवळायचे. केबिन उचलायला चेन पुली आणि एक दुपार लागली. बसवायला चौदा महिने.

पहिली अडचण लांबीची. बोलेरोच्या चाकांमधलं अंतर एफसीपेक्षा दोन फुटांनी जास्त. चासी मधे कापून आखूड करू, असं सुचवणारे बरेच भेटले. चाचांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "चासी कापायची नाही. जोड कितीही चांगला मारला तरी भरल्या गाडीत सगळ्यात जास्त ताण तिथेच येणार." मग चासी तशीच ठेवली आणि हौदा दोन फूट लांब केला. दुसरी गोष्ट केबिनच्या आधाराची. जुन्या आणि नव्या चासीची रुंदी जुळत नाही, म्हणून बाजूंना नवे ब्रॅकेट लावले आणि प्रत्येक बोल्टखाली जाड रबर. खड्ड्यातून जाताना शिडीसारखी चासी पीळ खाते. केबिन थेट आवळली तर तो पीळ पत्र्यात जातो आणि दरवाज्याच्या कोपऱ्यात चिरा पडतात. सगळ्यात छळलं ते स्टिअरिंगने. बोलेरोत ड्रायव्हर पुढच्या चाकाच्या मागे बसतो, एफसीत वर. त्यामुळे दांडा जवळपास उभा आणावा लागला आणि मधे दोन ठिकाणी युनिव्हर्सल जॉइंट टाकावे लागले. इंजिन मोठं, म्हणून डबाही नवा केला. आतून उष्णता रोखणारं अस्तर लावलं. आता पाय अजिबात भाजत नाहीत.

भाकरीही गरम राहत नाही, हे माझ्या खूप नंतर लक्षात आलं.

२०१८ च्या दिवाळीत केबिन बसली. परवानगीचं नंतर बघू, असं मी धरून चाललो होतो. ही चूक सर्वस्वी माझी. ९ जानेवारी २०१९ ला केरळमधल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने जशी बनवली आणि आरसी बुकात जशी नोंदली, तिच्याशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. पासिंगची कामं करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला मळ्यावर आणून गाडी दाखवली. तो दोन प्रदक्षिणा घालून म्हणाला, "गाडी झकास झाली हो. पण ही कोणती गाडी?"

मी म्हटलं, "एफसी."

"एफसी ती तिकडे," तो म्हणाला आणि त्याने शेडच्या भिंतीला टेकवलेल्या जुन्या चासीकडे बोट केलं. "नंबर तिच्यावर आहे. गाडी म्हणजे चासी नंबर. ही म्हणजे बोलेरो आणि तिला भलतंच डोकं."

मला राग आला, पण उत्तर सुचलं नाही. माझ्या लेखी गाडी म्हणजे तो चेहरा, ते गोल दिवे, तो दरवाज्याचा आवाज. चासी काय, खाली असते, कुणाला दिसते? पुढचं वर्षभर मी तिला हात लावला नाही. २०२० च्या टाळेबंदीत मळ्यावरच अडकलो तेव्हा वायरिंग आणि रंग पूर्ण केला. म्हटलं, बांधाच्या आत तरी फिरेल. विहिरीपासून शेडपर्यंत.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी शेडमध्ये जागा करायची म्हणून भंगारवाल्याला बोलावलं. जुनी नोंदणी रद्द करायची, चासी किलोवर द्यायची, विषय संपवायचा. त्याच्याबरोबर गॅस कटर घेऊन एक पोरगा आला होता. तो पुढच्या भागाशी जरा वेळ थांबला आणि म्हणाला, "काका, इथं डबल पट्टी आहे. जाड आहे, वेळ लागेल."

मी बघायला गेलो. पुढचा भाग मोरचुदापासून वाचलेला, त्यामुळे बराच शाबूत. ग्राइंडर फिरवल्यावर हातभर लांबीची पट्टी दिसली, दोन्ही कडांना ओबडधोबड वेल्डिंग. आणि पट्टीवर वेल्डिंगच्याच थेंबांनी आकडे काढलेले. ११-३-७८.

मी ९ मार्च १९७८ चा.

आता हे समजायला आमच्या घरातली एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. आई बाळंतपणाला माहेरी होती, निफाडकडे. निरोप गेला, पण तात्या आले पाचव्या दिवशी, पाचवी पुजायच्या संध्याकाळी. पहिला मुलगा, आणि बाप चार दिवस बेपत्ता. माहेरच्या लोकांसमोर आईला मान खाली घालावी लागली. तात्यांनी सांगितलं की पेट्या घेऊन मुंबईला निघालो होतो, इगतपुरीच्या पुढे गाडी मोडली. आईच्या भावांनी त्या वेळी काहीतरी वेगळंच कानावर घातलं असावं, मुंबईत मित्र, धंद्याचे पैसे वगैरे. तेव्हापासून आमच्या घरी या प्रसंगाचा उल्लेख एकाच वाक्यात व्हायचा. माझ्या वाढदिवसाला, पाहुणे जमले की, कधी भांडणात. आई म्हणायची, "गाडी मोडली होती म्हणे." त्या 'म्हणे'वर थोडा जोर असायचा. तात्या कधी वाद घालत नसत. उठून बाहेर जायचे.

अडतीस वर्षं मी ते 'म्हणे' ऐकलं आणि खरं सांगायचं तर त्यावर विश्वासही ठेवला.

भंगारवाल्याला हजार रुपये देऊन परत पाठवला. आई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. तिला म्हटलं, "जरा शेडमध्ये येतेस?" ती आली. मी काही बोललो नाही, फक्त पट्टीवर बॅटरी मारली. तिला जवळचं नीट दिसत नाही, म्हणून तिने आकड्यांवरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा. मग पदराने बोट पुसून म्हणाली, "कसला गंज आहे रे," आणि परत जाऊन शेंगा फोडायला बसली.

मला वाटलं, संपलं. पण त्या रात्री जेवताना माझ्या मुलाने सहज विचारलं की बाबा जन्मले तेव्हा आजोबा कुठे होते, हे कोणी मला सांगितलंच नाही. आई ताटाकडे बघत म्हणाली, "इगतपुरीला. गाडी मोडली होती."

एवढंच. भाजी वाढू का, म्हणून विचारलं आणि विषय संपला.

पुढे जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, दहा वर्षांची मुदत. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल केलेला नसावा. आमची १९६९ ची, वयात बसत होती. मी हात लावला नसता तर निदान अर्ज तरी करता आला असता! ओळखीच्या त्या माणसाने फोन करून हे आवर्जून कळवलं. असो.

तुम्ही म्हणाल, मग आता पश्चात्ताप होतो का? अर्धा होतो. चालवायची तर जुन्या चासीवर कुणाला बसवण्याची माझी छाती झाली नसती. ब्रेक एकाच सर्किटचे, मागचा निम्मा भाग पोखरलेला. माझा मुलगा या गाडीत बसतो तेव्हा खाली बोलेरोची चासी आहे याचं मला बरंच वाटतं. पण गाडी वाचवतोय म्हणताना मी वाचवत होतो तो चेहरा, आणि तात्यांनी आयुष्यभर जे ओझं वाहिलं ते ज्याच्यावर पेललं, ते किलोवर द्यायला निघालो होतो. पोरगा दोन मिनिटं थांबला नसता तर गेलंही असतं.

पूर्वी पासिंगच्या वेळी चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासायचे आणि तो ठसा अर्जाला जोडायचे. तात्यांच्या फाइलमध्ये असा एक पिवळा पडलेला कागद आहे. गेल्या महिन्यात मीही तसाच कोरा कागद घेऊन शेडमध्ये गेलो. आधी नंबरावर पेन्सिल घासली, मग पट्टीवर. नंबर पुसट आला. तारीख मात्र ठळक आली, कारण वेल्डिंग जाडं आहे.

दोन्ही कागद फाइलला लावले. चासी शेडमध्ये आहे तशीच टेकवून ठेवली आहे. वर रेडऑक्साइडचा एक हात मारला, पट्टीची जागा सोडून. तिथे फक्त तेल लावतो.