तीन मीटर कुठून?

पुण्यातली प्रयोगशाळा सोडून चिखलीला परतलो आणि बाहेरच्या रेडिओ लहरी अडवणारे मोजमापाचे चेंबर सुटले. आता हाताशी मास्ट, बायकॉनिकल आणि लॉग पिरिऑडिक अँटेना, एक जुना रिसीव्हर आणि गावाबाहेरचे रान. यंदापासून इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली एक मुलगी शिकायला येते. सौर पंपाच्या कंट्रोलरमधून निघणाऱ्या रेडिओ व्यत्ययाचे मोजमाप लावताना ती म्हणाली, “सर, तीन मीटरवरच घेऊ ना. दहाच्या मर्यादेत दहा डीबी मिळवले की झाले.”

तिचा आधार छापील आहे. रेडिओ व्यत्ययाच्या सिस्पर ११ या मानकात ब वर्गाच्या उपकरणांना ३० ते २३० मेगाहर्ट्झपर्यंत दहा मीटरवर ३० डीबी आणि तीन मीटरवर ४० डीबी अशीच मर्यादा आहे. हिशेबाने फरक १०.४६ येतो, तो १० धरला आहे. पण हा हिशेब एका बिंदूतून निघून मोकळ्यात पसरणाऱ्या लहरीचा. आमच्या कामात तो बिंदू असतो कुठे?

माझे सगळे आयुष्य या एका प्रश्नापाशी अडले आहे: तीन मीटर मोजायचे कुठून? टेपचे एक टोक उपकरणाच्या कडेला, दुसरे अँटेनावरच्या खुणेला. पण लॉग पिरिऑडिकमध्ये काम करणारा दांडा फ्रिक्वेन्सीप्रमाणे सरकतो; खालच्या टोकाला मागचे लांब दांडे, वरच्या टोकाला पुढचे आखूड. ३० सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तर तीन मीटरवर ०.८ डीबी जातात, दहावर ०.३ सुद्धा नाहीत. अँटेना चार मीटर उंच नेली की ८० सेंटिमीटरच्या टेबलापासून तिरके अंतर ४.४ मीटर होते आणि ती उपकरणाकडे ४७ अंशांतून बघते. दहावर तेच १०.५ मीटर आणि १८ अंश. जवळच्या मापात उंची शोधता शोधता अंतरच बदलते.

त्यात केबल. सिस्पर ११ तीन मीटरची मुभा देते ती केबलसकट १.२ मीटर व्यासाच्या आणि १.५ मीटर उंचीच्या नळकांड्यात मावणाऱ्या उपकरणालाच. टेबलावर केबल गुंडाळली की मावते. शेतात एक जोडी पॅनेलकडे जाते, मोटरची केबल विहिरीत उतरते. डब्यापासून तीन मीटर मोजले आणि केबल अँटेनाच्या अर्ध्या मीटरवरून गेली, तर कागदावरचे तीन मीटर कशाचे?

शेतकऱ्याची तक्रार तर रेडिओची असते. आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर. लहर ५१२ मीटरची. तिथे सुमारे ८२ मीटरच्या आतला सगळा प्रदेश निकटक्षेत्राचा. छोट्या वेटोळ्याचे चुंबकीय क्षेत्र त्यात दहापट अंतराला ६० डीबी उतरते, लांब तारेचे जेमतेम २०. यातला कुठला आकडा मिळवायचा?

सिस्पर ही समिती १९३४ साली रेडिओ ऐकणाऱ्या माणसासाठी जन्मली. दहा मीटरमागे शेजारच्या घरातल्या त्या श्रोत्याचा विचार आहे. आता जिकडेतिकडे तीन मीटरची चेंबरे झाली आहेत. दहाच्या चेंबरचा खर्च मला समजतो. पण मोठे उपकरण तीनवर बसवून, दहा डीबीची वजाबाकी करून दहाचा अहवाल देणाऱ्यांना मी मोजणारे मानत नाही. ते आकडा तयार करतात.

माझ्या आग्रहात गर्वही आहे. उघड्यावर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झमध्ये एफएम केंद्रे घुसतात. हेडफोनवर ऐकून त्यातून कंट्रोलरची कुरकुर वेगळी काढावी लागते. मला ती कला येते, चेंबरवाल्यांना येत नाही, याचे मला सुख वाटत आले आहे. या मुलीने ती पटकन उचलली तेव्हा कौतुक वाटायच्या आधी टोचले.

अंतर निवडायचे सूत्र मी तिला दिलेले नाही. टेपची दोन्ही टोके कुठे होती आणि केबल कशी पसरली होती, हे ती अहवालात अंतराच्या शेजारीच लिहिते. तिने तीन आणि दहा दोन्हींवर घेतले, तेव्हा ४८ मेगाहर्ट्झचे एक शिखर दहाऐवजी सहाच डीबी उतरले. पॅनेलची केबल अँटेनाला समांतर होती. तिला कारण केबलमध्ये दिसते, मला जमिनीच्या परावर्तनात. सोयाबीन निघाले की केबल आडवी टाकून पुन्हा घेऊ. तोवर या अहवालावर मी सही करणार नाही.