सूत कातणाऱ्या बायका

माद्रिदमध्ये संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे अकरा झालेले असतात. (उन्हाळ्यात त्यांची घड्याळं तासभर पुढे जातात, मग दहालाच.) मला ही वेळ फार सोयीची पडते. विरजण लावून झालेलं असतं, ओटा पुसलेला असतो, सकाळची भाजी निवडून ठेवलेली असते आणि मुलं झोपलेली असतात. मग मी कानात हेडफोन अडकवून स्पेनच्या चित्रकलेवरचं व्याख्यान ऐकत बसते.

"स्पेनच्या?" असं तुम्हीही विचारणार, ठाऊक आहे मला. परभणीत राहायचं, इतिहासात बी. ए. करायचं, जवळच्या गावातल्या शाळेत अर्धवेळ शिकवायचं आणि रात्री जागून स्पेन कशाला? आमच्या ह्यांनी तर पहिल्याच आठवड्यात विचारलं, "ह्याची काही परीक्षा असते का? सर्टिफिकेट मिळतं का?" दोन्ही नाही म्हटल्यावर ते गप्प बसले, पण चेहरा काही गप्प बसला नाही. शेजारच्या काकूंचं म्हणणं, तेवढ्या वेळात चार ब्लाउज शिवून होतील. होतीलही! पण दिवसातले सगळे तास कशाच्या तरी उपयोगी पडलेच पाहिजेत, हा नियम घरात फक्त बाईलाच का लागू असतो, हे मला अजून कोणी समजावून दिलेलं नाही. ह्यांच्या क्रिकेटचं सर्टिफिकेट मी कधी मागितलं नाही.

सुरुवात झाली २०२० च्या टाळेबंदीत. मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घरात मोठा फोन आला. त्या मार्चमध्ये माद्रिदचं प्रादो संग्रहालयही बंद पडलं आणि जूनपर्यंत बंद होतं. दार बंद, पण तिथली जाणकार मंडळी इंटरनेटवरून एकेका चित्रापुढे उभी राहून बोलत होती. दुपारी मुलांचा तास संपला की मी तोच फोन घेऊन बसे. पुढे संग्रहालय उघडलं, शाळा उघडल्या, माझं ऐकणं मात्र चालूच राहिलं. बोलतात स्पॅनिश, पण चित्राखाली इंग्रजी अक्षरं उमटवून घेता येतात. मराठीसुद्धा उमटते, पण ती लावू नका; हसून हसून व्याख्यान बाजूलाच राहतं. बरीचशी व्याख्यानं फुकट असतात, आणि झोप आली तर दुसऱ्या दिवशी भांडी घासतानाही ऐकता येतात.

तसा हा व्यवहार एकतर्फी नाही बरं का. बार्सिलोनाचे फादर हेन्री हेरास १९२२ साली मुंबईला आले, सेंट झेवियर्स कॉलेजात त्यांनी १९२६ मध्ये इतिहास संशोधनाची संस्था काढली, आणि १९५५ मध्ये वारले तेही इथेच. एका स्पॅनिश माणसाने सारं आयुष्य आपल्या इतिहासाला दिलं. मी आठवड्यातला एक तास त्यांच्या चित्रांना दिला तर काय बिघडलं?

मला वाटलं होतं, राजेराण्या आणि देवादिकांचीच चित्रं असतील. ती आहेतच. पण स्पेनमध्ये 'बोदेगोन' म्हणून चित्रांचा एक प्रकार आहे: ताटवाट्या, भाज्या, फळं, स्वयंपाकघर. सांचेझ कोतान नावाच्या चित्रकाराने १६०२ च्या सुमारास एका खिडकीत कोबी दोरीला टांगलेला काढला. तिथे भाजी टिकावी म्हणून तशी टांगून ठेवत. आपण कांद्याच्या माळा टांगतो, तसंच.

आणि व्हेलास्केझची अंडी तळणारी म्हातारी! १६१८ सालचं चित्र, चित्रकार तेव्हा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. आता ते एडिंबरोला आहे. त्या रात्री सासूबाई पाणी प्यायला उठल्या आणि माझ्यामागे उभ्या राहिल्या. माळकरी बाई, मला वाटलं, अंडी बघून तोंड फिरवतील. त्या म्हणाल्या, "खलबत्ता बघ की, आपलाच." खरोखर, तसाच पितळी खलबत्ता. मग खाली बसल्या आणि बराच वेळ बघून म्हणाल्या, "तिचं ध्यान भांड्यात नाही. आवाजावर करती ती."

त्या म्हातारीची नजर समोरच्या भांड्यात नाही, ती कुठेतरी पलीकडे बघते, ह्यावर अभ्यासकांनी पुष्कळ लिहिलं आहे. फोडणी तडतडली की न बघता हळद टाकणारी माझी सासू एका वाक्यात मोकळी झाली. तेव्हापासून एखादं चित्र चांगलं लागलं की मी हेडफोन काढून ठेवते, आणि त्या जाग्या असल्या तर हाक मारते.

एक गोष्ट मात्र खटकते. राणी मारिया इसाबेलच्या पुढाकाराने उभं राहिलेलं हे संग्रहालय १८१९ मध्ये उघडलं, आणि तिथे एखाद्या चित्रकर्तीच्या चित्रांचं स्वतंत्र प्रदर्शन पहिल्यांदा भरलं ते २०१६ मध्ये! क्लारा पीटर्स तिचं नाव, अँटवर्पकडची. चीज, मासे, चकचकीत पेले काढायची, आणि पेल्याच्या चकाकीत स्वतःचा इवलासा चेहरा. बारकाईने पाहिल्याशिवाय दिसत नाही.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्याच चित्राबद्दल. व्हेलास्केझच्याच, 'सूत कातणाऱ्या बायका'. १६५५ ते ६० मधलं. पुढे अंधाऱ्या खोलीत पाच बाया कामाला लागलेल्या. डोक्याला पांढरं फडकं बांधलेली म्हातारी चरख्यावर, एकजण पाठमोरी सूत गुंडाळणारी, खाली मांजर. चरखा इतका जोरात फिरतोय की आरे दिसतच नाहीत, नुसती झळाळी. मागे दोन पायऱ्या वर उजेडात नटूनथटून आलेल्या बायका भिंतीवरचा विणलेला गालिचा बघताहेत.

कित्येक वर्षं लोक समजत, हा माद्रिदमधल्या सांता इसाबेलच्या गालिच्याच्या कारखान्याचा देखावा आहे. पुढे मारिया लुईसा कातुर्ला ह्या विदुषीने १६६४ सालची एक जुनी यादी उजेडात आणली. तिच्यात हे चित्र 'आराक्नेची कथा' म्हणून नोंदलेलं होतं. तिचा लेख आला १९४८ मध्ये. आराक्ने म्हणजे ग्रीक गोष्टीतली विणकर मुलगी. तिने देवीशी पैज लावली, देवीने चिडून तिची कोळीण करून टाकली. आता प्रत्येक व्याख्यानात ही कथाच सांगतात.

हे चित्र मी शाळेत नेलं. झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून घेतलं. एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांनी "अभ्यासक्रमात आहे का हे?" असं विचारलंच. दिवाळीनंतरचे दिवस होते. आमच्याकडे तेव्हा कापूस वेचणी चालू असते आणि नववीच्या वर्गात मुली निम्म्याच येतात. आल्या त्यांना मी आराक्ने सांगितली. देवीने असं का करावं, तिचं काम चांगलं होतं ना, म्हणून पोरी भांडायलाच उठल्या. मग शेवटच्या बाकावरची एक, जी आठवड्यातले तीन दिवस आईबरोबर शेतात असते, तिने चित्र जवळ ओढून विचारलं, "म्याडम, ह्या पुढच्या बायांना रोज किती पडत असंल?"

इतकी व्याख्यानं ऐकली, हा प्रश्न कोणी काढला नव्हता. मलाही सुचला नव्हता.

महिन्याभराने एका ऑनलाइन चर्चासत्रात प्रश्न लिहून पाठवायची सोय होती. मी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या, माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न म्हणून. हात थरथरत होता, खोटं कशाला सांगू. व्याख्यात्या बाईंनी 'परभणी'चं 'पार्बानी' केलं, पण प्रश्न पूर्ण वाचला. चित्रातल्या बायका कथेतल्या आहेत, त्यांची मजुरी कुठून सांगणार, असं म्हणून आधी हसल्या. मग म्हणाल्या, त्या काळात युरोपात सूत कातायचं काम बहुतेक बायकाच घरी बसून करीत, पैसे सुताच्या वजनावर मिळत, आणि फार थोडे मिळत.

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितलं. "म्हंजी किलोवर," ती मुलगी म्हणाली. "आमच्या वेचणीवाणीच की." थोडा वेळ चित्राकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "मग काटा कोणाचा असायचा, म्याडम? मालकाचाच?"