वेड एका कोल्ह्याचं

कुणाला क्रिकेटचं वेड असतं, कुणाला सिनेमाचं. माझं वेड ऐकलं की वर्गमित्र हसतात. मला वेड आहे ते फायरफॉक्सचं! इंटरनेट पाहण्यासाठी जो ब्राउझर लागतो, त्यातला हा एक. गोलाला शेपटीनं वेढून बसलेला केशरी कोल्हा, हे त्याचं चिन्ह.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. बारावीनंतर प्रवेशाचा अर्ज भरायला तालुक्याच्या एका दुकानात गेलो. अर्ध्या तासात अर्ज भरत आणला. तेवढ्यात पडद्यावर इंग्रजीत काहीतरी प्रश्न आला. अर्थ न कळताच मी 'होय' केलं, आणि सगळा अर्ज पुसला गेला. दुकानदार म्हणाला, "एवढंही वाचता येत नाही, आणि कॉलेजात जाणार!" त्या दिवशी अर्ज न भरताच घरी आलो. आईला म्हणालो, "लाईट गेली होती."

पुढं 'कमवा व शिका' योजनेतले पैसे साठवून जुना लॅपटॉप घेतला. त्यावर फायरफॉक्स घातला, भाषा मराठी निवडली. एकदा असाच एक अर्ज भरताना तोच प्रश्न समोर आला, पण या वेळी मराठीत! हे पान सोडून जायचं का, एवढंच तो विचारत होता. मी पान सोडलं नाही. डोळे मात्र भरून आले.

मग मी त्याची सारी कुळकथा शोधली. 1998 साली नेटस्केप कंपनीनं आपल्या ब्राउझरची संगणकीय संहिता सर्वांना खुली केली. त्यातून मोझिला उभी राहिली, आणि नोव्हेंबर 2004 मध्ये फायरफॉक्सची पहिली पूर्ण आवृत्ती आली. जगभरचे स्वयंसेवक तो आपापल्या भाषेत आणतात. 2014 साली या मंडळींच्या प्रणालीवर चालणारा फोन भारतात अवघ्या 1,999 रुपयांना आला होता. तो धंदा टिकला नाही. पण त्याच संहितेतून पुढं कायओएस निघाली, आणि 2017 चा जिओफोन तिच्यावर चालला. म्हणजे आईच्या पिशवीतल्या त्या बटणांच्या फोनमध्येही माझ्या कोल्ह्याचं रक्त!

मित्र म्हणतो, "कोल्हा काकडीला राजी! अरे, सगळं जग दुसरा ब्राउझर वापरतं." ते मी हसण्यावारी नेलं. पण आमच्या एका सरांनी विचारलं, "त्या मोझिलाची बहुतेक मिळकत गूगलकडून येते, हे ठाऊक आहे का?" शोधलं, तर खरंच! प्रतिस्पर्ध्याच्याच पैशावर चूल पेटते. 2020 मध्ये सुमारे अडीचशे माणसांची नोकरीही गेली. चार दिवस मन उदास होतं. आपण एका दुकानाच्या पाटीवरच प्रेम करत होतो की काय?

एका संध्याकाळी आई शेजारी येऊन बसली. चौथीपर्यंत शिकलेली. पडद्यावरचा शब्द तिनं अक्षर लावून वाचला : 'वाचनखुणा'.

"म्हंजी काय रं?"

"परत यायचं पान लक्षात राहावं म्हणून ठेवलेली खूण."

"हां, पोथीतलं मोरपीस!" ती म्हणाली, आणि चुलीकडं गेली.

मी बघतच राहिलो. आईला अक्षर लावून वाचता यावा असा तो शब्द कुणीतरी बसून लिहिला होता. त्याचं नाव मला ठाऊक नाही. त्यालाही माझी आई ठाऊक नाही. माझं प्रेम होतं ते या माणसावर. कंपनीचा हिशेब सरांनी सांगितला तसाच आहे, आणि तो डोळे उघडे ठेवून पाहायलाच हवा. पण या माणसाचं ऋण त्या हिशेबात येत नाही.

हल्ली रात्री अभ्यास संपला की मीही त्यांच्या भाषांतराच्या कामात दोन-चार वाक्यं मराठीत सुचवतो. काही स्वीकारली जातात, काही परत येतात. प्रत्येक वाक्य लिहिताना दुकानातल्या काउंटरपुढं मान खाली घालून उभा राहिलेला एक मुलगा आठवतो. त्याला कळेल ना, एवढंच पाहतो.

आईला त्या अर्जाचं खरं काय झालं, ते मात्र अजून सांगितलेलं नाही. हा अंक घरी नेईन, तेव्हा तीच अक्षर लावून वाचील.