नाना पेठेत न मिळणारे भाग

१२ ऑक्टोबर २०२५, रविवार

भाचा सकाळीच हजर. दहावीला चांगले मार्क पडले तर रेडिओवर चालणारी रेसिंग बग्गी घेऊन देईन, असं मी कबूल करून बसलो होतो. वसुली दिवाळीच्या मुहूर्तावर निघाली.

त्याच्याबरोबर मोशीच्या पुढच्या त्या मोकळ्या प्लॉटवर गेलो. रविवारी तिथे पोरं आणि त्यांचे बाप गाड्या पळवतात. बापच जास्त. मुरूम अंथरलेला, वळणांवर जुने टायर अर्धे पुरलेले, उड्या मारायला मातीचे उंचवटे. भाच्याचं सगळं लक्ष सर्वांत जोरात कोणती जाते याच्याकडे. मी कडेला उलट्या पडलेल्या गाड्यांपाशी रेंगाळलो. टूलरूममध्ये आयुष्य गेलं की ही खोड लागते: यंत्र दिसलं की ते कुठे मोडेल ते आधी बघायचं.

एका गृहस्थांची गाडी देखणी, महागातली, आणि डब्यात बंद. पुढच्या चाकाला धरणारा एक आर्म तुटलाय, मागवून महिना होत आला, म्हणाले. दर रविवारी येतात आणि दुसऱ्यांच्या उलटलेल्या गाड्या पळत जाऊन सरळ करून देतात.

भाच्याला घरी येताना विचारलं, "तुझ्या यादीतल्या गाड्यांचे सुटे भाग कुठे मिळतात?" गप्प. मग म्हणाला, "मामा, ती तुटतच नाही असं लिहिलंय."

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आकाराचा घोळ. वन-टेन की वन-एट? म्हणजे खऱ्या गाडीच्या एक-दशांश की एक-अष्टमांश. स्पर्धेच्या नियमात चारचाकी ओढीच्या वन-टेन बग्गीचं किमान वजन १५८८ ग्रॅम आहे. इलेक्ट्रिक वन-एट साडेतीन किलोच्या आसपास भरते.

जेवण झाल्यावर कागदावर आकडेमोड केली. ताशी ६० किलोमीटरने आदळणं म्हणजे १४ मीटरवरून खाली पडणं. आमच्या इमारतीला खाली पार्किंग आणि वर चार मजले. गच्ची तेवढीच भरेल. ताशी ४० ला हीच उंची सव्वासहा मीटरवर येते. वजनही धरलं, तर ६० ने जाणारी वन-एट ४० ने जाणाऱ्या वन-टेनच्या पाचपट ऊर्जा घेऊन आदळते. "तुटतच नाही" वाल्यांनी आमच्या गच्चीवरून एकदा टाकून दाखवावी.

तरीही कौल वन-एटलाच. आजकालच्या रेसिंगच्या वन-टेन बग्ग्या रोलर फिरवलेल्या मातीसाठी नाहीतर कार्पेटसाठी बनतात. चाक साडेआठ सेंटिमीटरचं, जमिनीपासून उंची बेताची. आपल्या मुरमातला लिंबाएवढा दगड त्यांना धोंडा होतो. वन-एटचं चाक अकरा सेंटिमीटरचं, चासी ॲल्युमिनियमच्या ७०७५ पत्र्याची, ड्राइव्ह शाफ्ट पोलादी, पुढे-मध्ये-मागे तीन डिफरन्शियल. आदळते जोरात, पण त्या हिशेबानेच बांधलेली असते.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार. वसुबारस

कामावरून सुटून पुण्याच्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या बाजारात गेलो. हेतू एकच: या गाडीतलं काय इथे मिळतं आणि काय नाही, ते पाहायचं. गाडी कोणती हा प्रश्न त्यानंतर.

बेअरिंग मिळतात. वन-एटच्या चाकात बहुतेक ८ × १६ × ५ मिलिमीटरचं बेअरिंग असतं. दुकानात मापं सांगत बसायची गरज नाही, ६८८ म्हटलं की डबा पुढे येतो. पत्र्याचं झाकण नको, रबरी सीलचं द्या म्हणायचं, आपल्या धुळीला तेच हवं. वन-टेनची ५ × १० × ४ आणि ५ × ११ × ४ ही मापंही एमआर १०५ आणि एमआर ११५ म्हणून मिळतात. तीन मिलिमीटरचे ॲलन स्क्रू, नायलॉक नट, सर्क्लिप, ओ-रिंग: सगळं मिळतं. ओ-रिंगला मात्र एक अट. शॉकअपमध्ये सिलिकॉन तेल असतं आणि बऱ्याचदा रिंगही सिलिकॉनची. दुकानदार मोटरसायकलच्या फोर्कचं तेल पुढे करत होता. ते खनिज तेल. त्याने सिलिकॉनची रिंग फुगते आणि शॉकअप अडकतो. नको म्हटलं.

न मिळणारं: आर्म, हब, नकल, शॉक टॉवर, डिफरन्शियलचे दात, स्पर गिअर. म्हणजे ज्याचा आकार कंपनीने स्वतःच्या डोक्याने काढलाय ते सगळं. हे परदेशातून येणार. त्यात खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. पाकिटातला भाग खेळणं म्हणून मोजायचा की यंत्राचा भाग म्हणून, हे ज्या टेबलावर ते उघडतं त्या टेबलावर ठरतं.

१९ ऑक्टोबर, रविवार

आज भाच्याशी नीट बोललो. वेगाची तुलना बाजूला ठेवून एकेका गाडीचे आर्म शोधायला लावले. त्याच्या यादीतल्या दोन गाड्या इथेच गळाल्या. अख्खी गाडी मिळते, आर्म मिळत नाही.

टामिया या जपानी कंपनीचं मला कौतुक आहे. हॉर्नेट १९८४ ची, २००४ मध्ये पुन्हा बाजारात आणली. वीस वर्षं जुनी गाडी असलेल्या माणसाला अचानक नवे भाग मिळू लागले. असोसिएटेडची आरसी१० पण १९८४ चीच. १९८५ मध्ये कॅलिफोर्नियात डेल मार इथे झालेल्या जागतिक स्पर्धेत टू-व्हील ड्राइव्ह गटात तीच जिंकली, आणि २०१३ मध्ये तिचीही नवी आवृत्ती निघाली. टामियाचे भाग बरेचदा सांगाड्यासकट येतात: एक आर्म हवा, तर त्या साच्यातले बाकीचे सगळे तुकडेही घ्या. आणि साध्या किटमध्ये बेअरिंगच्या जागी प्लॅस्टिकच्या बुश. मुरमाच्या धुळीत त्या लंबवर्तुळाकार व्हायला वेळ लागत नाही. अंगणासाठी उत्तम गाडी. शर्यतीच्या कंपन्या आर्मची जोडी वेगळ्या पाकिटात विकतात, कारण त्यांच्या गिऱ्हाइकाला ती शनिवारी रात्री लागते.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

ताईकडे. ओवाळणीच्या ताटाशेजारी भाच्याने मोबाइल ठेवला: निळ्या ॲल्युमिनियमचे आर्म, सीएनसीवर कापलेले. "मामा, हे टाकू. मग तुटायचा प्रश्नच नाही."

दिसायला सुरेख, कबूल. पण मिलिंग मशीनच्या फीडमध्ये आम्ही शिअर पिन मुद्दाम मऊ ठेवतो. जॅम झालं की दोन रुपयांची पिन तुटते आणि गिअरबॉक्स वाचतो. बग्गीत ते काम आर्मचं. नायलॉनचा आर्म वाकतो आणि परत सरळ होतो; फारच झालं तर तुटतो. ॲल्युमिनियमचा वाकला की वाकलेलाच राहतो, आणि त्याआधी धक्का पुढे ढकलतो: पिनला, पिनकडून ब्लॉकला, ब्लॉककडून चासीला. चासी वाकली की गाडी सरळ धावत नाही आणि पोरगा सेटिंगला दोष देत बसतो.

हे सगळं त्याला सांगत असताना ताई मध्येच म्हणाली, "अरे, म्हणजे मोडणारी गाडी घेतोयस का तू?" हो म्हणालो. तिने आणखी एक करंजी वाढली.

१ नोव्हेंबर, शनिवार

ठरलं. जुनी क्योशो इन्फर्नो एमपी९, इलेक्ट्रिक ढाच्याची. रोलर घेतोय, म्हणजे मोटर, तिचा वेग सांभाळणारी ईएससी, चाकं वळवणारा सर्व्हो, बॅटरी काहीच नाही, नुसती चाकांवर उभी गाडी, आणि सोबत विकणाऱ्याचा सुट्या भागांचा डबा. माझा सौदा मुळात डब्याचा. २०१० मध्ये पट्टायाला झालेली वन-एटची जागतिक स्पर्धा या एमपी९ ने जिंकली होती. पंधरा वर्षांपूर्वीचं मॉडेल, म्हणून भाचा जरा खट्टू. पण जिंकलेली गाडी पुष्कळ लोक घेतात, आणि पुष्कळांनी घेतलेल्या गाडीचे भाग पुष्कळ वर्षं बनत राहतात. शिवाय प्लॉटवर आणखी दोघांकडे हीच आहे. उसना आर्म कुरिअरपेक्षा लवकर येतो.

बॅटरी देशातच घ्यायची. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून माल म्हणून न्यायला १ एप्रिल २०१६ पासून बंदी आहे. त्या मागवायच्या भानगडीत पडू नये.

९ नोव्हेंबर, रविवार

दिवसभर गच्चीवर. गाडी पूर्ण उघडली. तिन्ही डिफरन्शियलचं तेल काळं झालेलं. पुढे आणि मध्ये पाच हजार दाटपणाचं, मागे दोन हजारचं भरलं. धातूत धातू जाणाऱ्या प्रत्येक स्क्रूला निळं लॉकटाइट. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्यांना नाही; काही प्लॅस्टिकं त्याने तडकतात.

पिनियन आणि स्परमध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबायची, आवळायची, पट्टी बाहेर फिरवून काढायची. दात उमटले पाहिजेत, कागद फाटला नाही पाहिजे. भाच्याला हे इतकं आवडलं की त्याने तीनदा खोलून पुन्हा केलं. टायर रिमला फेविक्विकने चिकटवले, बोटंही थोडी.

पाकिटातले नवे आर्म पातेल्यात उकळले. कोरडं नायलॉन ठिसूळ असतं. पाणी प्यायल्यावर चिवट होतं. बायको म्हणाली, हे पातेलं आता गच्चीवरच राहील.

१६ नोव्हेंबर, रविवार

मुरमावर पहिली फेरी. गाडी उंचवट्यावरून उतरते तेव्हा आवाज घट्ट येतो, खुळखुळ नाही. मोटर ६८ अंशांवर. ८० च्या आत ठेवायची. चार सेलची बॅटरी, १५ दातांचं पिनियन. मेमध्ये बाहेर ४० अंश असताना १४ चं लावावं लागेल.

भाच्याने टायर ठोकला. अपेक्षेप्रमाणे आर्म, आणि आतली पिन किंचित वाकली. टॉवर धड, हब धड, चासी सपाट काचेवर ठेवून बघितली, सरळ. डब्यातून आर्म काढला, बसवला. चहा गार व्हायच्या आत गाडी परत मुरमावर. पोरगा काही बोलला नाही, पण स्क्रू-ड्रायव्हर त्याने माझ्या हातातून काढून घेतला होता.

सर्व्होला धक्क्यापासून वाचवणाऱ्या सर्व्हो सेव्हरची स्प्रिंग एक आटा घट्ट केली. मागचा पंख गेला. तो सगळ्यांचाच जातो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मागवायची यादी: पुढचे आर्म, मागचे आर्म, आतल्या पिना, शॉकअपचे दांडे, बॉल एंड, स्पर गिअर एक, पंख दोन. बेअरिंग आणि स्क्रू यादीत नाहीत. ते शनिवारी नाना पेठेतून.

लिहिताना एक लक्षात आलं. आर्म जोडीने येतात, डावा आणि उजवा, आणि प्लॉटवर तिघांच्याही डब्यात उजवेच उरलेत. गाड्या तिथे घड्याळाच्या दिशेने फिरतात. उजव्या वळणावर बाहेर घसरल्या की टायरला डावीच बाजू लागते. ग्रुपवर निरोप टाकला, पुढच्या रविवारपासून ट्रॅक उलटा चालवू. डब्यात गाडी घेऊन बसणाऱ्या गृहस्थांचं उत्तर सर्वांत आधी आलं: त्यांचा आर्म आलाय, आणि तो उजवा आहे, तेव्हा जरा थांबा.