बांध, बिबट्या आणि पांढरं अस्वल

मोठमोठे देश एकमेकांशी का भांडतात, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. आमची बँक मंचरला, पण घर आणि शेत जुन्नर तालुक्यात. माझ्या आणि चुलतभावाच्या, म्हणजे आप्पाच्या शेतामध्ये एक बांध आहे. दर पावसाळ्यात तो सरकतो. माझ्या मते माझ्याकडे, आप्पाच्या मते त्याच्याकडे. एकाच वेळी दोन्हीकडे सरकणारा बांध जगात दुसरा नसेल, असा माझा समज होता. मग स्वालबार्डविषयी वाचलं.

हा उत्तर ध्रुवाकडचा बेटांचा पुंजका. १९२० साली पॅरिसला करार झाला, की मालकी नॉर्वेची. पण मासेमारी, शिकार, खाणी यांत सही करणाऱ्या सर्व देशांच्या माणसांना सारखाच हक्क. म्हणजे पासबुकावर नाव एकाचं आणि पैसे काढायची मुभा सगळ्या भावकीला! असलं खातं आमच्या साहेबांनी उघडूच दिलं नसतं. भारताच्या वतीनं सही इंग्रजांनीच ठोकून दिली होती. तेव्हा मलाही तिथे जाऊन कोळसा खणता येईल, असं मी सौ.ला सांगितलं. "आधी विहिरीवरची मोटर बघा," ती म्हणाली.

तिथल्या एका चिमुकल्या वस्तीत चीनचं संशोधन केंद्र २००४ पासून आहे. दाराशी दोन दगडी सिंह. आपलं 'हिमाद्री' २००८ चं. इकडे २०२० साली गलवानला रक्त सांडलं. तिकडे सगळ्या देशांच्या शास्त्रज्ञांची जेवायची खानावळ मात्र एकच. आठ देशांची आर्क्टिक परिषद १९९६ साली स्थापन झाली. २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि बाकीचे सात जण बैठकीला बसेनात. अध्यक्षपद नेमकं रशियाकडे! आमच्या भावकीची शेवटची बैठक अशीच मोडली होती. फरक एवढाच, की चहा आधीच होऊन गेला होता.

पण मला खरं आवडलं ते १९७३ सालचं. अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसलेले. तरी कॅनडा, डेन्मार्क, नॉर्वे यांना घेऊन दोघांनी ऑस्लोत करार केला. कशासाठी? पांढरी अस्वलं वाचवण्यासाठी. अस्वल कुणाचा बांध मानत नाही ना!

आमच्याकडे बिबट्या मानत नाही. गेल्या वर्षी तो आप्पाच्या उसात दिसला. विहीर सामाईक, वीज रात्रीची, आणि आमचं नऊ वर्षं बोलणं बंद. पहिल्या रात्री मी दारं धरायला निघालो, तर बांधावर बॅटरी घेऊन आप्पा उभा. काही बोलला नाही, नुसता मागून चालू लागला. पुढच्या पाळीला मी त्याच्याबरोबर गेलो. आवाज केला की बिबट्या जवळ येत नाही म्हणतात, म्हणून बोलणं भाग पडलं. नऊ वर्षांनी बोलायचं तरी काय? आम्ही बांधावरून भांडायला लागलो. पहाटेपर्यंत, खणखणीत आवाजात. बिबट्या फिरकला नाही.

परवा आप्पा म्हणाला, "पिंजऱ्यात घावला म्हणं. माणिकडोहच्या केंद्रात नेला."

दोघंही गप्प बसलो. मोटरचा तेवढा आवाज.

"दुसरा असंल एखादा," थोड्या वेळानं तो म्हणाला.

"असणारच," मी म्हणालो आणि बॅटरीचे सेल बदलले.