मोत्याचे बोर्डिंग

मराठी माणूस घरातून निघताना 'जातो' असे म्हणत नाही. 'येतो' असे म्हणतो. मागे राहणारेही त्यास 'जा' म्हणत नाहीत, 'या' म्हणतात. परकीयास हा उघड तर्कदोष वाटेल, कारण जो उंबरठ्याबाहेर पाऊल टाकीत आहे तो जात आहे हे डोळ्यांना दिसत असते. परंतु त्या एका क्रियापदात सारी व्यवस्था सांगून झालेली असते. जाणे किरकोळ, येणे मुख्य, आणि मधले दिवस तेवढे मोजून काढावयाचे, असा त्या दोन अक्षरांतला करार आहे. मात्र करार म्हटला की तो समजणारा दुसरा पक्ष हवा. ज्यास दिवस मोजता येत नाहीत त्यास 'येतो' म्हणून काय सांगावे, हा प्रश्न आम्हांस पहिल्याने पडला तो २०२४ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस, अमेरिकेतील फ्लॉरिडा संस्थानात, कुत्र्यांच्या एका वसतिगृहाच्या दारात.

आमचे धाकटे बंधू नोकरीनिमित्त पुष्कळ वर्षे अटलांटा शहरी राहून आहेत. कॉलेजला सुट्टी लागताच आम्ही सपत्नीक त्यांच्याकडे गेलो होतो. त्या घरात नऊ वर्षांची कन्या आणि अकरा वर्षांचा कुत्रा अशी दोन अपत्ये आहेत. पैकी कुत्रा वडील. कागदोपत्री त्याचे नाव एका बिस्किटाचे आहे. आम्ही त्यास मोत्या म्हणतो, कारण मराठी क्रमिक पुस्तकांतील कुत्र्यांस दुसरे नाव असल्याचे आमच्या स्मरणात नाही. तोही दोन्ही नावांस सारख्याच सौजन्याने शेपूट हलवितो.

पुतणीच्या शाळेला सुट्टी लागली आणि ऑर्लॅंडो येथील डिस्नेचे विहारोद्यान काका-काकूंना दाखवावयाचे असा बेत ठरला. १ ऑक्टोबर १९७१ रोजी उघडलेल्या ह्या मयसभेत तेव्हापासून उद्यानांवर उद्याने वाढत गेली आहेत. मयसभा हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजितो. खरे ते खोटे भासावे, खोटे ते खरे भासावे आणि फसलेल्याने पुन्हा फसण्यासाठी रांगेत उभे राहावे, ह्या कलेस व्यासांनी ठेवलेले नाव बदलण्याचे काही कारण दिसत नाही. दुर्योधनास तेथे हसू आले नाही, कारण त्याने तिकीट काढलेले नव्हते.

सातशे किलोमीटरांची वाट मोटारीने काटावयाची आणि मोत्यास बरोबर न्यावयाचे हे ठरलेलेच होते. पण उद्यानात कुत्र्यांस मज्जाव आहे. अंधास वाट दाखविणारा किंवा अपंगास साहाय्य करण्याचे शिक्षण घेतलेला कुत्रा असेल तर गोष्ट वेगळी. १९९० सालच्या कायद्याने त्यास मालकाबरोबर जाण्याचा हक्क दिला आहे. मोत्याचे शिक्षण 'बस' आणि 'पंजा दे' ह्यांपलीकडे गेलेले नाही.

ह्या मनाईत एक मौज आहे. त्या मयसभेचे अधिदैवत एक उंदीर आहे, आणि त्या उंदराने कुत्रा पाळलेला आहे! प्लूटो नावाचा हा कुत्रा १९३० सालापासून पडद्यावर नांदत आहे. रोमन लोक ज्यास पाताळाचा स्वामी मानीत त्याचे नाव ह्या भोळ्या जिवास कसे मिळाले, असा विचार इंग्रजीच्या प्राध्यापकास सुचणारच. गूफी नामक दुसरा कुत्रा तर टोपी घालून दोन पायांवर चालतो. ह्या दोघांची सोंगे उद्यानात हिंडतात आणि पोरे त्यांच्या गळ्यात पडतात. म्हणजे उंदराचा कुत्रा आत आणि माणसाचा बाहेर. त्याहून विशेष हे, की त्याच संस्थेने जून १९५५ मध्ये 'लेडी अँड द ट्रॅम्प' हा बोलपट प्रसिद्ध केला, त्यात घरधनी प्रवासास गेल्यामुळे मागे राहिलेल्या एका कुत्रीचे हाल रंगविलेले आहेत. एका वडीलधाऱ्या नातेवाईक बाईंच्या ताब्यात ती सापडते, तिच्या तोंडाला मुसके येते आणि शेवटी ती कोंडवाड्यात जाऊन पडते. पुढल्याच महिन्यात, १७ जुलै १९५५ रोजी, कॅलिफोर्नियात ॲनाहाइम येथे त्यांचे पहिले उद्यान उघडले आणि लोक कुत्री घेऊन त्याच्या दाराशी येऊ लागले. १९५८ साली तेथे श्वानगृह काढावे लागले. त्याचा पुरस्कार कुत्र्यांचे डबाबंद अन्न विकणाऱ्या कंपनीने केला, हे ओघानेच आले.

कुत्र्यास मोटारीत ठेवून आत जाण्याचा मार्ग खुला नसतो. बंद मोटारीतील उष्णता अर्ध्या तासात बाहेरच्याहून सुमारे १९ अंश सेल्सियसने चढते, आणि फ्लॉरिडातील उन्हाळा आपल्या कोकणासारखा घामट आहे. असा कोंडलेला जीव वाचविण्यासाठी परक्याच्या मोटारीची काच फोडणारास २०१६ सालापासून तेथील कायदा संरक्षण देतो.

स्वर्गाच्या दारात अडविलेल्या कुत्र्याची सर्वांत जुनी कथा मात्र आपलीच आहे. महाप्रास्थानिकपर्वात इंद्र रथ घेऊन येतो. युधिष्ठिर म्हणतो, हा कुत्राही बरोबर येईल. कुत्री बाळगणारांस स्वर्गात थारा नाही, असे इंद्र सांगतो. आणि वाद वाढल्यावर तो वर्मावर बोट ठेवतो. भाऊ पडले, द्रौपदी पडली, त्यांना मागे टाकून आलास; मग कुत्र्याचाच एवढा कळवळा कशासाठी? त्यावर धर्मराजाचे उत्तर असे, की ती सारी गतप्राण झाली होती आणि त्यांना उठविणे माझ्या हाती नव्हते. जिवंतपणी मी त्यांस सोडलेले नाही. हे उत्तर आम्ही इंग्रजीच्या तासालाही अवांतर म्हणून अनेकदा सांगितले आहे. परंतु इंद्राने तिसरा पर्याय पुढे केलाच नव्हता, ही गोष्ट आम्हांस त्या प्रवासात सुचली. स्वर्गाच्या वेशीवर रोजच्या भाड्याने कुत्रा सांभाळणारे, दोन वेळा फिरविणारे आणि पावती देणारे कोणी असते तर धर्मराजाने काय केले असते? आम्ही ही शंका बोलून दाखविताच बंधू म्हणाले, "दादा, आधी त्याच्याकडे लसींचे दाखले मागितले असते."

ते दाखले आम्हांकडेही मागितले गेले. १९७१ पासून उद्यानांच्या दाराशी असलेल्या लहान श्वानगृहांची जागा २०१० साली एका मोठ्या श्वाननिवासाने घेतली आहे; पण आमच्या बंधूंनी आवाराबाहेरचे एक खासगी वसतिगृह पसंत केले होते. आमच्या लहानपणी परगावच्या मुलांस बोर्डिंगात ठेवीत. कुत्र्यांसही तोच शब्द आहे हे ऐकून आमच्या सौभाग्यवतींना हसू आवरेना. जागा स्वच्छ होती, भुंकण्याचा गलका होता आणि फिनेलसारखा एक वास होता. दरपत्रकात साधी खोली, मोठी खोली, जादा खेळ, आणि निजतेवेळी गोष्ट वाचून दाखविणे अशी वेगवेगळी आकारणी होती. गोष्ट कोणत्या भाषेत वाचतात असे सौ.ने विचारले, तेथील मुलीने ते विनोद म्हणून घेतले नाही.

मग अर्ज भरणे आले. अलर्क, डिस्टेंपर आणि पार्व्हो ह्यांच्या लसी. शिवाय बॉर्डेटेला नामक जंतूची, कारण कुत्री एकत्र आली की त्यांच्यात खोकला पसरतो. खाणे कोणते, किती. मेघगर्जनेस भितो काय? (तिकडे उन्हाळ्यात तिसऱ्या प्रहरी वादळ गर्जत येते, तेव्हा प्रश्न अनाठायी नव्हे.) घरच्या माणसाचा वास असलेले जुने वस्त्र आणले आहे काय? आणि शेवटी दोन प्रश्न. प्राणी गंभीर आजारी झाला आणि तुमची गाठ पडली नाही, तर किती खर्चापर्यंत उपचार करावेत? आणि बरा होण्याची आशा नसेल तर काय करावे?

बंधूंनी पहिल्यापुढे आकडा घातला. दुसऱ्यापुढे इंग्रजीत, 'त्रास होऊ देऊ नये', एवढे लिहून खाली सही केली. मिनिटभरही लागले नाही. टाक ठेवता ठेवता त्यांनी मान वर करून आम्हांकडे पाहिले, आणि आम्ही भिंतीवरील दरपत्रक वाचू लागलो. आमची आई चौऱ्यांशी वर्षांची आहे. त्या वेळी ती नाशकास आमच्या बहिणीकडे होती. तिच्या बाबतीत हे दोन प्रश्न आम्हा तिघा भावंडांत कोणी कोणास कधी विचारलेले नव्हते.

पुतणीने मोत्यापुढे चार बोटे धरली आणि मराठीत सांगितले, "फक्त चार दिवस." त्याने चारही बोटे चाटली. बंधू केवळ सवयीने म्हणाले, "येतो रे." दार लागले.

असल्या संस्था पाहून 'आमच्या वेळी असे नव्हते' म्हणणारे पुष्कळ भेटतात. खरेच नव्हते. आमच्या वाड्यास कुलूप लावल्याचे आम्हांस आठवत नाही. सारे कुटुंब आळंदीस गेले, काशीस गेले, तरी गाईला वैरण आणि कुत्र्याला भाकरी वेळेवर मिळे. कारण घर राखावयास कोणीतरी मागे राहत असे, आणि ते कोणीतरी म्हणजे बहुतेक आमची विधवा आत्या असे. तिला कोणी ये म्हटले नाही असे नाही. पण 'मग घराचे कसे?' हा प्रश्न दर खेपेस तिनेच विचारावा आणि तिनेच त्याचे उत्तर व्हावे, असा रिवाज होता. काशीची गडू तिने आयुष्यभर पुजली, काशी पाहिली नाही. म्हणून कुत्र्याच्या भाड्याचा आकडा ऐकून कोणी नाक मुरडले की आम्हांस आत्या आठवते. भाडे तेव्हाही पडतच होते. पावती तेवढी कोणी लिहीत नव्हते.

मयसभेच्या चार दिवसांचे वर्णन करीत बसत नाही. पाय दुखले, डोळे निवाले, आणि रात्रीच्या दारूकामाच्या वेळी सौ. दिवाळीतल्या मुलीसारखी उभी होती. पुतणीचे मात्र निम्मे लक्ष खिशातील फोनकडे. वसतिगृहातील कॅमेऱ्यातून मोत्या दिसे. पहिले दोन दिवस तो दाराकडे तोंड करून पडून होता. अन्नास शिवला नाही. तिसऱ्या दिवशी थोडे खाल्ले. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात असे आढळले होते, की कोंडवाड्यात नव्याने आलेल्या कुत्र्यांच्या रक्तातील क्लेशदर्शक द्रव्य पहिले तीन दिवस चढलेले असते आणि नऊ दिवसांहून अधिक काळ राहिलेल्यांत ते उतरलेले असते. तो उतार म्हणजे समाधान की निराशा, हे रक्त काढून कळण्यासारखे नाही.

रोज रात्री बहिणीशी बोलणे होई. नाशकास तेव्हा सकाळ. आई मागे खुर्चीवर बसलेली दिसे. त्या हिवाळ्यापासून तिला दिवसांची गणती राहत नाही. निघताना आम्ही पाया पडून 'येतो' म्हटले होते आणि तिने नेहमीप्रमाणे 'या' म्हटले होते. पण त्या 'या'त किती आठवडे मावले असतील कोण जाणे. बहीण सांगत होती, की पहिल्या आठवड्यात ती आईस खरे ते सांगे: दादा अमेरिकेस गेला, सहा आठवड्यांनी येईल. दर खेपेस आईला ते नवेच वाटे आणि दर खेपेस डोळ्यांस पाणी येई. म्हणून पुढे बहिणीने ते सोडले. आता आई संध्याकाळी विचारते, "कॉलेजातून आला नाही का अजून?" आणि बहीण म्हणते, "येईल एवढ्यात." तेवढ्यावर आई दिवा लावावयास उठते. ह्यास खोटे म्हणावे की काय म्हणावे ते आम्हांस ठरविता आले नाही. आमच्या परतीस अद्याप तीन आठवडे होते.

होमरच्या काव्यात ओडिसियस वीस वर्षांनी घरी येतो, तेव्हा उकिरड्यावर पडलेला त्याचा म्हातारा कुत्रा कान पाडून शेपूट हलवितो आणि प्राण सोडतो. वेषांतर उघडे पडू नये म्हणून राजास जवळ जाता येत नाही. तो तोंड फिरवून डोळे पुसतो. वर्गात ह्या ठिकाणी पोरे नेहमी स्तब्ध होतात. मोत्याच्या सुटकेत असले काही घडले नाही. चौथ्या दिवशी दुपारी त्यास बाहेर आणले तेव्हा त्याने उडी मारली नाही, की भुंकला नाही. प्रथम बंधूंचे बूट हुंगले, मग भावजयीचे, मग आम्हा दोघांचे. जणू हजेरी घेत होता. सर्व पट पुरा झाल्यावर तो मोटारीत चढला, पुतणीच्या मांडीवर डोके टेकले आणि तिने त्यास मयसभेचा वृत्तांत सांगावयास आरंभ करताच झोपी गेला.

मागे सौ. आणि भावजय यांचाही डोळा लागला. बंधू मोटार हाकीत होते, आम्ही शेजारी होतो. पावसाची मोठी सर येऊन गेली. काही वेळाने समोरच्या रस्त्यावरील दृष्टी न काढता ते म्हणाले, "दादा, आईचे आपण काय ठरवायचे?" जॉर्जियाची हद्द लागण्यास तीन तास होते. तेवढ्या वेळात, बहिणीस काय विचारावयाचे, कोणत्या उपचारांस हो म्हणावयाचे आणि कोणत्यास नाही, पैसा कोणी किती घालावयाचा, शेवटी तिने कोणाच्या घरी असावे, हे सारे आम्ही दोघे हळू आवाजात बोललो. मोत्या मागे घोरत होता.