साडेसहा हजाराचा चाकू घ्यावा का?



आज डाळिंबाचं काही नाही. आज खिशातल्या चाकूचं लिहितोय. विषय बारका वाटेल, पण या एका गोष्टीवर आमच्या घरात महिनाभर चर्चा चालली होती, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या खिशात दोन वर्षांपासून हॅक्सॉच्या पात्याचा एक तुकडा असतो. एक बाजू दगडावर घासून धार लावलेली आणि मुठीच्या जागी सायकलची ट्यूब गुंडाळलेली. आपल्यातल्या निम्म्या लोकांकडं असाच असेल. सुतळी तोडा, लॅटरल कापा, खताची गोण फोडा, सगळं त्यावरच. खर्च शून्य. पण गेल्या महिन्यात बांधावरून उडी मारताना तो तुकडा ट्यूबमधून सरकला आणि मांडीत घुसला. तीन टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यावं लागलं.

पोरगं बारावी करून माझ्याबरोबरच शेती करतंय. ते म्हणालं, "आण्णा, आता हे टाका. एक मल्टीटूल घेऊ." आणि मोबाईलवर दाखवलं. घडीचं हत्यार. त्यात पक्कड, चाकू, करवत, कानस, स्क्रू ड्रायव्हर, डबा उघडणी, सगळं एका मुठीत. किंमत साडेसहा हजार. तसलंच दिसणारं पाचशेलाही होतं, पण त्याचं पातं वाकतं आणि पकडीला झोल येतो, हे एकाकडं बघितलेलं होतं.

साडेसहा हजार म्हणजे आमच्याकडच्या एकवीस-बावीस हजेऱ्या. मी लगेच नाही म्हणालो नाही, लगेच होही म्हणालो नाही. म्हटलं, पंधरा दिवस थांब, आपण नोंद ठेवू. फवारणीची नोंद ठेवतो तशी. खिशात छोटी वही ठेवली आणि ज्या वेळी कुठल्या हत्याराची गरज पडली त्या वेळी लगेच एक रेघ मारली.

पंधरा दिवसांचा हिशोब असा निघाला:

कापण्याचं काम ५७ वेळा. त्यात सुतळी-दोरी २१, खताची गोण आणि पाकिटं १४, १६ एमएमची लॅटरल १२, फळ चिरून दाण्याचा रंग आणि आत अळी आहे का ते बघणं ६, किरकोळ ४.

पक्कड ११ वेळा. त्यातले ४ वेळा विजेच्या पेटीत.

स्क्रू ड्रायव्हर ८ वेळा. त्यातले ५ वेळा स्टार्टरला.

नोझल, ड्रीपर साफ करायला सुई किंवा टोकदार काहीतरी ६ वेळा.

करवत, कानस, डबा उघडणी, बाटली उघडणी यांच्यापुढं एकही रेघ नाही.

म्हणजे दहातली सात कामं नुसत्या चाकूची. हे बघून पोरगं जरा गप्प झालं, पण पूर्ण नाही. त्याचा एक मित्र पवनचक्कीवर देखभालीच्या कामाला आहे. त्याच्याकडचं मल्टीटूल त्यानं दोन दिवसांसाठी मागून आणलं.

हातात घेतल्यावर खरं सांगतो, वस्तू आवडली. वजनदार, सांधे घट्ट, पक्कड सरळ मिटते. पोरानं त्याची माहितीही वाचून दाखवली. टिम लेदरमन नावाचा अमेरिकन माणूस १९७५ साली बायकोबरोबर जुन्या फियाट गाडीतून युरोप फिरत होता. गाडी बिघडायची, हॉटेलातले नळ गळायचे, आणि खिशातल्या चाकूला पक्कड नव्हती. तिथून डोक्यात आलेली ही वस्तू १९८३ ला बाजारात आली. त्याच्या आधीचा तो लाल स्विस चाकू. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सनरनं १८९१ ला तिथल्या सैन्याला चाकू पुरवायला सुरुवात केली. सैनिकाला त्याच चाकूनं डबा उघडता यावा आणि बंदुकीचा स्क्रू काढता यावा, एवढा हिशोब. मला हे ऐकून एक गोष्ट पटली. ज्याच्या त्याच्या अडचणीप्रमाणं हत्यार बनलं. प्रवाशासाठी प्रवाशाचं, सैनिकासाठी सैनिकाचं. मग माझी अडचण काय, ते मी बघायला पाहिजे.

त्याच दिवशी संध्याकाळी मोटर पडली. मी पोचेपर्यंत पोरानं स्टार्टरची पेटी उघडून त्या मल्टीटूलची पक्कड आत घातली होती. मेन स्विच चालू! मी लांबूनच ओरडलो. ही गोष्ट तरुण पोरांनी नीट वाचा. या घडीच्या हत्याराची मूठ सगळी उघड्या लोखंडाची असते. वरती प्लॅस्टिक दिसलं तरी ते शोभेचं, विजेसाठी नाही. थ्री फेजच्या पेटीत मेन बंद करूनच हात घालायचा, टेस्टर लावून बघायचं, आणि तरीही हातात इन्सुलेटेड मुठीचीच पक्कड पाहिजे. खालची जमीन ओली, पायात चप्पल नाही, अशात उघडं लोखंड म्हणजे यमाला आवतण. मी तरुणपणी असल्याच उघड्या पकडीनं एक झटका खाल्लाय, दोन दिवस खांदा हलत नव्हता.

म्हणजे पकडीच्या ११ रेघांतल्या ४ आणि स्क्रू ड्रायव्हरच्या ८ मधल्या ५ अशाच खोडल्या गेल्या.

दुसरा मुद्दा डाळिंबवाल्यांसाठी. तेल्या असलेल्या बागेत एका झाडावरची कात्री दुसऱ्या झाडाला लावताना आपण सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवतो. घडीच्या चाकूला हे करता येत नाही. सांध्यात चीक, रस, माती बसते, तिथं द्रावण नीट पोचत नाही, आणि पोचलंच तर सांधा गंजतो. म्हणून घडीच्या चाकूनं फांदी, वॉटरशूट कापायची नाही, म्हणजे नाही. छाटणीला कात्रीच. तसंच औषधाचं पाकीट ज्या चाकूनं फोडलं त्यानंच फळ चिरून खायचं, ही आपली वाईट सवय. मीही केलेलं आहे. आता फवारणीच्या पेटीत एक जुनी कात्री दोरीला बांधून ठेवलीय, औषधाला तीच.

मग गावातल्या लोहाराकडं गेलो. तो ट्रकच्या कमानपाट्याचे विळे, कोयते करतो. त्याला मल्टीटूल दाखवलं. उघडझाप करून बघितलं आणि म्हणाला, "आण्णा, चीज चांगली हाय. पण घडी म्हंजे सांधा, आन् सांधा म्हंजे कधीतरी ढिला व्हनार." पात्याबद्दल त्यानं सांगितलेलं उपयोगी आहे. स्टीलचं पातं गंजत नाही, पण धार गेली की शेतातल्या दगडावर लवकर येत नाही. कमानपाट्याचं पातं गंजतं, पण दगडावर चार हात मारले की धार तयार. पाणी जास्त कडक दिलं तर धारेचे तुकडे पडतात, कमी दिलं तर धार वळते. आणि डाळिंब चिरलं की साधं लोखंड काळं पडतं, ते सालीतल्या टॅनिनमुळं. पातं खराब झालं असं समजून टाकू नका.

आता मूळ गोष्टीवर येतो. हा हॅक्सॉचा तुकडा माझ्या खिशात दोन वर्षांपूर्वी का आला, ते लिहायला मला जड जातंय.

भाद्रपद होता. आमची खिलार कालवड, चौदा महिन्यांची, बांधावर चरायला बांधलेली. नाव हरणी. तिची आई लवकर गेली होती, म्हणून आमच्या मंडळींनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. मी फक्त मोटर चालू करायला म्हणून गेलो, त्यामुळं विळा वस्तीवरच राहिला. पाऊस होऊन गेलेला. परत येताना बघतो तर कालवड बांधावरून चारीत घसरलेली, नायलॉनचं दावं पायातून गळ्याला आवळलेलं, आणि मेख वरती. मी खाली उतरून तिला उचलायला लागलो. वजन पेलेना. एका हातानं उचलून दुसऱ्या हातानं गाठ सोडायला गेलो तर ओल्या नायलॉनची निरगाठ दगडासारखी बसलेली. दातानं ओढली. नख मोडलं. लोखंडी मेख हातभर खोल ठोकलेली, हलेना. शेवटी तिला तशीच सोडून दोन शेतं पलीकडं वस्तीवर पळत गेलो, विळा घेऊन आलो. सात-आठ मिनिटं लागली असतील. उपयोग झाला नाही.

आमची मंडळी त्यावर मला एका शब्दानं बोलली नाही. त्या दिवसापासून तो तुकडा खिशात आहे.

म्हणून मल्टीटूल घ्यायचं का नाही याची खरी परीक्षा माझ्या मनात एकच होती. त्या दिवशी हे खिशात असतं तर? मी गोठ्यात तसंच नायलॉनचं दावं भिजवून खांबाला ताणून बांधलं. हात ओले केले. डाव्या हातानं दावं धरलेलं, जसं तिला धरलं होतं. पोरगं मोबाईलवर सेकंद मोजायला.

हॅक्सॉचा तुकडा खिशातून काढून दावं तुटेपर्यंत ७ सेकंद. मल्टीटूल १४ सेकंद. कारण त्याची घडी आधी उघडावी लागते, मग आतलं पातं नखानं ओढावं लागतं, आणि त्याला दोन्ही हात लागतात, म्हणजे दावं सोडावंच लागलं. पातं बाहेरून एका हातानं उघडणारी मल्टीटूलं मिळतात, पण ती आणखी महाग. मग शेजाऱ्याचा एका पात्याचा, अंगठ्यानं उघडणारा, लॉक असलेला साधा चाकू आणून बघितला. ४ सेकंद. लॉक महत्त्वाचं, नाहीतर जोर दिल्यावर पातं उलटं मिटतं आणि बोट जातं.

रात्री जेवताना हे सगळं मी मंडळींना सांगितलं. सेकंदाचा हिशोब सांगितला. तिनं भाकरी वाढता वाढता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घ्या की चाकू. मी कुठं नको म्हणते? पण अहो, त्या दिवशी दावं कुणी बांधलं होतं?"

मीच बांधलं होतं. निरगाठ मीच मारली होती.

दोन वर्षं मी चाकू नव्हता, चाकू नव्हता म्हणत होतो. गाठीचं कधी बोललो नाही. आमचे वडील जनावर बांधायचे ते सुरगाठीनं. टोक ओढलं की सुटली. आणि दावं अंबाडीचं नाहीतर घायपाताचं, खूप ताण आला तर तुटायचं तरी. नायलॉन स्वस्त, टिकाऊ, म्हणून आपण सगळ्यांनी घेतलं, पण ते तुटतही नाही आणि ओलं झाल्यावर गाठ सोडतही नाही. वस्तू बदलली तेव्हा बांधायची पद्धत अजून काळजीपूर्वक करायला पाहिजे होती. मी ती सोडूनच दिली.

तर शेवटी काय घेतलं ते सांगतो. लॉकवाला एका पात्याचा चाकू, पातं तीन इंच, ७५० रुपये. दातेरी विळे दोन, ३०० रुपये. एक गोठ्याच्या खांबाला, एक मोटरजवळ, खिळ्याला कायम टांगलेले. ते तिथून कुणीही हलवायचे नाहीत. नायलॉनला दातेरी धार साध्या धारेपेक्षा पटकन लागते. इन्सुलेटेड पक्कड ३५०, टेस्टर ६०. आणि दाव्यांना लावायला चार भवरकड्या, २०० रुपये, म्हणजे जनावर फिरलं तरी दाव्याला पीळ पडत नाही. एकूण एक हजार सहाशे साठ. चाकूला दोरी लावून ती पट्ट्याला बांधलीय, चारीत पडला तर सापडतो.

मल्टीटूल वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. जो माणूस दिवसभर घरापासून लांब, यंत्रावर काम करतो, त्याला ते सोन्यासारखं आहे. माझी अडचण वेगळी होती.

कायद्याचंही विचारतात म्हणून लिहितो. शस्त्र नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांचा उल्लेख आहे, आणि शेती-घरकामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळलेली आहेत. तरी जत्रेत, मोर्चात, बाजारात चाकू खिशात नेऊ नका. शेताची वस्तू शेतात.

परवा नवीन वासराला बांधताना मंडळी मागं येऊन उभी राहिली. मी सुरगाठ मारली. तिनं पुढं होऊन टोक ओढून बघितलं. सुटली. मग तिनं स्वतः परत बांधली.

आज संध्याकाळी तुम्हीही तुमच्या गोठ्यातली एक गाठ ओली करून, एका हातानं सोडून बघा. सुटली तर उत्तम. नाही सुटली तर उद्यावर ठेवू नका. आणि तुमच्या खिशात काय असतं, तेही सांगा.

राम राम.